तुडव्याची धाप

त्या वर्षी पाऊस जाता जाईना. गेला म्हणावं तर संध्याकाळी पुन्हा दारात हजर, निरोप घेऊन गेलेला पाहुणा विसरलेली काठी न्यायला परत यावा तसा. कौलं अंगणात वाळत घालावीत तर अंगणच ओलं, छपराखाली मांडावीत तर माणसांनी झोपायचं कुठं! शेवटी माणसं भिंतीला पाठ लावून झोपली आणि कौलं ऐसपैस पसरली.

घाई होती ती वखारवाल्याची. त्याची धान्याची नवी वखार वाशांपर्यंत आली होती. म्हातारा वखारवाला म्हणत होता कौलं, त्याचा लेक म्हणत होता पत्रे. बापाचा शब्द टिकला तो एकाच बोलीवर. थंडी पडायच्या आत कौलं आली पाहिजेत, नाहीतर पत्रे. आणि एकदा वखारीवर पत्रे चढले की उद्या शाळा पत्रे म्हणणार, परवा शेजारी पत्रे म्हणणार. मग साचे घाला चुलीत! घरातल्या चौघांनाही हे कळत होतं. 

चौघं म्हणजे तुडव्या, त्याची बायको, त्याची आई आणि धाकटा भाऊ. भाऊ साच्यावर बसायचा, म्हातारी ओल्या कौलांच्या कडा पुसायची, बायको खाणीतून माती वाहायची आणि भिजवायची. तुडव्या तुडवायचा. त्याचं खरं नाव त्याच्या आईला तरी आठवत असेल की नाही कोण जाणे.

तुडवणं म्हणजे नुसतं पाय आपटणं नव्हे बरं का. भिजलेल्या मातीचा ढीग पसरायचा, कडेनं सुरुवात करायची आणि टाचेनं दाबत गोल गोल आत जायचं. मातीत खडा असला तर तो तळपायाला लागला पाहिजे. हरभऱ्याएवढा खडा भट्टीत फुटतो आणि जाताना कौल घेऊन जातो. फावड्याला खडा कळत नाही. हाताला कळतो, पण हात किती माती चिवडणार? तुडव्याच्या पायाला तो चिखलाच्या पोटात कळायचा. चालता चालता थांबायचा, अंगठ्याच्या चिमटीत खडा धरायचा, पाय झटकायचा, की खडा कुंपणापार. त्याच्या मागून त्याची बायको तुडवत यायची, पण तिला कधी खडा सापडला नाही. सापडायला उरलेलाच नसायचा.

खाण वस्तीच्या उताराला होती. वस्तीतली माणसं सकाळी तिकडच्याच झुडपांआड बसायची, आणि पाऊस पडला की वरचं सगळं वाहत खाली खाणीत यायचं. त्याची किळस कुणी धरली नव्हती. "आगीतून निघालं की सगळं चोख होतं," असं म्हातारी म्हणायची, आणि कौलापुरतं ते खरंही होतं.

धाप त्याला पूर्वीही लागायची. ओल्या दिवसांत चार रात्री खोकायचा, मग विसरायचा. पण त्या वर्षी पावसासारखीच धापही जाईना. एका सकाळी ढिगाच्या अर्ध्यावर तो थांबला. बायकोला वाटलं, खडा लागला असेल. पण पाय हलेनात. दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून तो वाकला होता आणि त्याच्या छातीतून शीळ येत होती, बारीक, लांबलचक.

"काय झालं हो?"

त्यानं हातानंच थांब म्हणून खुणावलं. माती तिच्या घोट्यांभोवती थंडगार बसत चालली होती.

"दम घ्या. मी तुडवते."

"तू..." त्याला शब्दापुढं शब्द लावता येईना. "तुला खडा कळतो का?"

"नाही कळला तर नाही कळला. जीव जास्त का कौल जास्त?"

"कौल," तो म्हणाला आणि हसला, आणि हसण्यापायी इतका खोकला की डोळ्यांना पाणी आलं.

दुपारी तिनं त्याला पालथं झोपवून पाठीला तेल चोळलं. पाठ म्हणजे नुसत्या फासळ्या. कमरेखाली, मांडीच्या वरच्या अंगाला, एक लाल रेघ उठली होती, नखानं ओरखडल्यासारखी. तिनं त्यावरून तेलाचा हात फिरवला. खांदे चोळून ती पुन्हा खाली आली तर रेघ तिथं नव्हती. दोन बोटं पुढं सरकली होती.

"अहो, हे काय आहे? हे चालतंय!"

"चालू दे," तो उशीत तोंड खुपसून म्हणाला. "लहानपणापासून आहे. येतं, खाजतं, जातं. बापालाही व्हायचं."

"अंगात मुंगी शिरल्यासारखं दिसतंय."

"मुंगी असेल तर तिला सांग, वर येऊन छातीतली शीळ बंद कर."

ती हसली. काय करणार, हसण्यासारखंच बोलला होता. पण हाताला लागलेली ती गरम रेघ तिच्या मनातून जाईना.

पुढचे दिवस धाकट्या भावानं तुडवायला घेतलं. बिचाऱ्यानं कसूर केली नाही. संध्याकाळी पाय सुजेपर्यंत तुडवलं. छोटी भट्टी लावून नमुन्याची कौलं भाजली, तर आतून फटाफट आवाज यायला लागले. उघडून बघतात तो अर्ध्याअधिक कौलांना भोकं. नेमका त्याच वेळी वखारवाल्याचा लेक आला. त्यानं एक फुटकं कौल उचललं, भोकातून एक डोळा मिचकावून तुडव्याकडं बघितलं.

"छान आहे. वखारीत उजेड येईल."

भाऊ मान खाली घालून उभा राहिला. तुडव्या खाटेवर बसून श्वास ओढत होता.

"आणि तुम्ही काय, तुडवायचं सोडून शीळ वाजवायला लागलात म्हणे!"

तुडव्यानं तोंड उघडलं, पण उत्तर द्यायला वारा तर पाहिजे! त्याच्या बायकोला त्या माणसाच्या हातातलं कौल ओढून घ्यावंसं वाटलं. तिनं चहाचा पेला पुढं केला. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. अक्कल असते हो, ती गिळावी लागते.

दुसऱ्या दिवशी ती नवऱ्याला घेऊन बाजारातल्या डॉक्टरकडं गेली. बाकावर माणसं मावत नव्हती. त्यांचा नंबर आला तेव्हा डॉक्टरनं सदऱ्यावरूनच छातीला नळी लावली, इकडं तिकडं फिरवली, म्हणाला, "दमा."

"डॉक्टरसाहेब, यांच्या अंगावर एक रेघ उठते, ती चालते..."

"मातीत काम करता ना? खाजणारच. मलम लावा." तोवर त्याची पुडी बांधून झाली होती. बारीक, पांढऱ्या गोळ्या. "सकाळी खाऊन एक. संपल्या की येऊन दाखवायचं. आपल्या मनानं घ्यायच्या नाहीत. पुढचा!"

गोळी कसली, जादूच ती! पहिल्या दिवशी शीळ बारीक झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला जाग आली ती शांततेनं. इतके दिवस त्या शिळेच्या सोबतीनं झोपायची सवय झाली होती. घाबरून तिनं त्याच्या छातीवर हात ठेवला. छाती वरखाली होत होती, अगदी मुकाट.

"काय बघतेस?" तो म्हणाला. "जिवंत आहे."

त्याच दिवशी तो मातीत उतरला. म्हातारीनं उंबऱ्यातून बघितलं आणि डोळे पुसले. भाऊ माती चिकटू नये म्हणून साच्यावर राख मारता मारता गाणं म्हणायला लागला. तुडव्या गोल गोल आत जात होता, मध्येच पाय झटकत होता. त्याची बायको मागून त्याच्या पावलांत पाऊल टाकत होती, आणि तिला वाटत होतं, देवा, एवढंच मागितलं होतं.

चूक झाली ती इथून पुढं, आणि ती तिच्या हातून झाली.

पुडी संपत आली तसं काम भरात आलं होतं. उघडीप पडली होती. अशी उघडीप सोडून बाजारात जाऊन बाकावर दिवस घालवायला कुणाला परवडणार? ती एकटीच जाऊन औषधाच्या दुकानातून तसल्याच गोळ्या घेऊन आली. दुकानदारानं पुडीतली उरलेली गोळी बघितली आणि दिल्या, एका शब्दानं विचारलं नाही. दुपारी तो थकला, छातीत पुन्हा बारीक सूर लागला, की ती एक आणखी द्यायची. मग संध्याकाळी एक.

भट्टी लावणाऱ्या घरातली बाई ती. त्या घरात एक गोष्ट दुधाबरोबर पाजतात. एकदा जाळ धरला की भट्टी उतरू द्यायची नाही. लाल कमी झालं, घाल लाकूड. पुन्हा कमी झालं, आणखी घाल. हात आखडला तर कच्चंही नाही आणि पक्कंही नाही, सगळा माल मातीमोल. नवऱ्याच्या बाबतीत तिनं तेच केलं. श्वास उतरतोय असं दिसलं की ती गोळी घालत राहिली. तिला शहाणपण सांगणारं तिथं होतं कोण? उलट म्हातारी म्हणायची, "दे गं, दे. माझं लेकरू उभं राहिलंय."

त्याचं तोंड गोल झालं. गालांवर तकाकी आली. भूक तर अशी लागली की भाऊ म्हणायचा, "वहिनी, आता माझ्या ताटाला कुलूप लावा." सगळे हसायचे. अंगावरच्या त्या रेघा मात्र वाढल्या. आता एक नव्हती, चारपाच होत्या, पोटावरही आल्या होत्या. तिनं त्यांना मलम लावलं.

मोठी भट्टी भरली. खाली लाकूड, वर कौलं उभी, कौलांच्या फटीत भुसा. जाळ धरला तेव्हा तुडव्या पोटावर हात दाबून बसला होता.

"पोटात पिळतंय," तो म्हणाला.

"एवढं खाता, पिळणार नाही तर काय!"

भट्टीच्या तोंडाशी बसून तो लाकूड घालत राहिला. घामानं भिजला होता आणि अंगावर काटा आला होता. तिनं दोन्ही बघितलं. भट्टीपुढं घाम येणारच, आणि काटा वाऱ्यानं आला असेल, अशी तिनं आपल्या मनाची समजूत घातली.

भट्टी उघडली तेव्हा कौलं अशी निघाली की पाहत राहावं. लालभडक, बोटानं वाजवली तर खणखणीत. वखारवाल्याचा लेक स्वतः गाडी घेऊन आला, एक एक वाजवून बघत होता, खोड काढायला जागा सापडेना. बरोबर आलेला म्हातारा वखारवाला लेकाला म्हणाला, "बघ!" इतकंच. भाऊ खूश होऊन मागं वळला, दादाला सांगायला. तुडव्या भिंतीशी ओणवा होऊन ओकत होता, आणि ओकारीत रक्ताचे धागे होते.

ती त्याला बाजारातल्या डॉक्टरकडं नेणार होती, पण त्याचं अंग फणफणलेलं, पोट ढोलासारखं ताणलेलं, आणि ती शीळ आता दोन्ही बाजूंनी, आत घेतानाही आणि सोडतानाही. कौलांची गाडी भरत आली होती. वखारवाल्या म्हाताऱ्यानंच सांगितलं, "चढवलेली कौलं खाली उतरवा आणि याला आधी मोठ्या दवाखान्यात घाला." निघताना तिनं त्याला दोन गोळ्या दिल्या. वाट लांबची होती.

मोठ्या दवाखान्याच्या दारात झाडूवाली ओरडली, "पाय! पाय बघा आधी! सगळी फरशी घाण केलीत." ती आणि भाऊ आपल्या पावलांचे ठसे फडक्यानं पुसत पुसत मागं मागं सरकले, आणि तोवर नवऱ्याची खाट आत कुठं गेली ते तिला दिसलंच नाही.

शोधत शोधत ती दोघं खाटेपाशी पोचली. तिथली डॉक्टरीण तरुण होती. तिनं तुडव्याचा सदरा वर केला आणि पोटावरच्या रेघांपाशी तिचा हात थांबला.

"या रेघा कधीपासून?"

"लहानपणापासून," बायको म्हणाली. कुणीतरी विचारलं म्हणून तिला रडू यायला लागलं.

"काम काय करतात?"

"माती तुडवतात. कौलांची."

"पायात काही घालून?"

"बाई, पायात घातलं तर खडा कसा कळणार?"

डॉक्टरीणबाईंनी थुंकी तपासायला नेली. थोड्या वेळानं त्यांनी भावाला आत बोलावलं, एका नळीला डोळा लावायला सांगितलं. तो बाहेर आला तो पांढराफटक पडून.

"काय होतं भाऊजी?"

"वळवळत होतं, वहिनी," तो म्हणाला. "दादाच्या थुंकीत."

मग डॉक्टरीणबाईंनी दोघांना खाली बसवून सांगितलं. हे जंत मातीत असतात, माणसाच्या विष्ठेतून येतात, डोळ्यांना दिसत नाहीत. अनवाणी तळपायातून आत शिरतात. रक्तातून फुप्फुसात जातात, तिथून वर घशात, घशातून पोटात. पोटात पुन्हा पिलावळ होते आणि तीच पुन्हा आत शिरते. वर्षानुवर्षं हे चालतं, माणसाला पत्ता नसतो. थोडी खाज, थोडा खोकला, थोडी धाप.

"म्हणजे दमा नव्हताच?"

"दमाही असेल. आता कुठली धाप दम्याची आणि कुठली जंतांची, कसं वेगळं करायचं? पण इतकी वर्षं शरीर त्यांना दाबून होतं. काही गोळ्या चालू होत्या का? छातीसाठी?"

तिनं कनवटीची पुडी काढली. उरलेल्या गोळ्या तळहातावर घेऊन दाखवल्या. डॉक्टरीणबाईंनी एक गोळी उलटून बघितली.

"दिवसाला किती?"

तिला वाटलं, खोटं सांगावं. पण जीभ वळेना. "तीन. कधी चार."

"कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. मीच."

डॉक्टरीणबाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी सांगितलं की या गोळीनं छाती मोकळी होते ते खरं, पण शरीराचा राखणदार झोपतो. राखणदार झोपला आणि जंतांना रान मोकळं मिळालं. आता ते सगळीकडं पसरलेत. जंतांचं औषध चालू केलंय. जरा उशीर झालाय. "आणि ही गोळी आता तुम्ही द्यायची नाही. कमी-जास्त काय करायचं ते आम्ही बघू. कळलं?"

"कळलं."

"घरातल्या सगळ्यांना जंतांचं औषध घ्यावं लागेल. तुम्हीही तीच माती तुडवता."

नर्सनं तिथंच औषध दिलं. बायकोनं घेतलं, भावानं घेतलं, मागून आलेल्या म्हातारीनंही घेतलं. पाण्याबरोबर गोळ्या गिळल्या, झालं! तिला वाटत होतं, एवढंच? एवढंच होतं तर ते मागच्या वर्षी का नाही कुणी दिलं, त्याच्या मागच्या वर्षी का नाही? पण विचारायचं कुणाला, आणि विचारून होणार काय?

त्याला खिडकीजवळची खाट मिळाली होती. नाकाला नळी, हाताला नळी. फुगलेलं तोंड, खाली काटकुळे हात. पायांच्या भेगांतली माती अजून निघाली नव्हती. कितीही पुसली तरी ती तशीच. दुसऱ्या दिवशी दुपारी ऊन त्याच्या पांघरुणावर आलं तेव्हा त्यानं डोळे उघडले आणि बोटांनी तिला जवळ बोलावलं.

"ती... दे."

"काय देऊ? पाणी?"

त्यानं मान हलवली. "गोळी."

तिचा हात आपोआप कनवटीला गेला आणि तिथंच थांबला. त्यानं ते बघितलं.

"डॉक्टरीणबाईंनी नको म्हटलंय हो. तीच गोळी वाईट आहे. तिनंच हे झालं."

"तिनंच... मोकळं होतं." एकेका शब्दाला त्याची मान उशीवरून उचलली जात होती. "एकच. दे ना गं."

खाटेच्या पायथ्याशी म्हातारी उठून उभी राहिली. "दे की! मागतोय तो. आजवर मूठमूठ घातल्यास, आणि आता पोर तळमळतंय तर एक देववत नाही?"

"आत्याबाई, त्या म्हणाल्या..."

"त्यांचा कोण लागतो तो? माझा लेक आहे!"

बायकोनं कनवट मुठीत गच्च धरली. आधी न विचारता दिल्या म्हणून ही वेळ आली. आता सांगितलेलं ऐकायचं, काही झालं तरी ऐकायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं. ती नवऱ्याच्या कानाशी वाकली.

"संपल्या," ती म्हणाली.

तुडव्यानं तिच्या मुठीकडं बघितलं, मग तिच्या तोंडाकडं. लग्न झाल्यापासून त्यानं तिच्यावर आवाज चढवला नव्हता, आणि आता चढवायला आवाज नव्हता. त्यानं मान खिडकीकडं वळवली. ती त्याचा हात चोळत राहिली. त्यानं हात काढून घेतला नाही, पण तिच्याकडं पुन्हा बघितलंही नाही. ऊन पांघरुणावरून सरकत भिंतीवर गेलं, नर्स दोनदा येऊन नळी ठीक करून गेली, आणि तिसऱ्यांदा आली तेव्हा तिनं हाक मारून डॉक्टरांना बोलावलं.

म्हातारी रडली ती सुनेच्या नावानं रडली. "माझ्या लेकाचा श्वास हिच्या कनवटीला होता," ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती. "कनवटीला होता, आणि हिनं दिला नाही." भाऊ तिला आवरत होता, पण त्यानंही वहिनीकडं बघायचं टाळलं. गाडी ठरवतो म्हणून तो बाहेर गेला.

बायकोनं डॉक्टरीणबाईंना बोळात गाठलं. त्यांच्या हातात दुसऱ्या कुणाचे तरी कागद होते, डोळे झोपेनं तांबारले होते.

"बाई, एक विचारायचं होतं."

"बोला ना."

"त्यांनी गोळी मागितली होती. एकच मागितली. माझ्यापाशी होती आणि मी नाही दिली. तुम्ही सांगितलं होतं म्हणून. दिली असती तर काय झालं असतं?"

डॉक्टरीणबाईंनी कागद या हातातून त्या हातात घेतले.

"त्या वेळेला?" त्या म्हणाल्या. "त्या वेळेला एका गोळीनं काही बरं झालं नसतं. आणि काही बिघडलंही नसतं."

"म्हणजे दिली असती तरी चाललं असतं."

डॉक्टरीणबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "हो," त्या म्हणाल्या. "चाललं असतं."

त्या गेल्यावर ती तिथंच, बोळाच्या मधोमध खाली बसली. एक खाट ढकलत आणणारा माणूस तिच्यापाशी येऊन थांबला.

"बाई, वाटेत बसू नका."

ती उठली, आणि भिंतीकडेला सरकून बसली.